वरून घातलेला रंग

मुलीनं हात हातात घेतला आणि सुरेखाबाईंना पहिल्यांदा जाणवलं ते एवढंच, की तिचा हात गरम आहे. तो गार असेल असं त्या का धरून चालल्या होत्या, कोण जाणे. एसीमुळे असेल, किंवा ज्या माणसाला नाकारायचं ठरवून आपण घराबाहेर पडलो त्याचा हात गार असला म्हणजे बरं, अशी मनानं आधीच करून ठेवलेली सोय असेल. पण हात गरम होता, कोरडा होता, आणि त्यानं त्यांची चार बोटं खालून अशी अलगद उचलून धरली होती की आपल्याच बोटांचं वजन त्यांना नव्यानं कळलं. असा आपला हात शेवटी कुणी धरला होता? डॉक्टरांनी नाडी बघायला धरला असेल. गुलमंडीवरच्या कासारानं बांगड्या चढवताना धरला होता, पण तो धरत नाही, दाबतो. आप्पासाहेबांनी लग्नात धरला त्याला तेहतीस वर्षं झाली, आणि तेव्हाही बरोबर भटजी होते.

"काकू, बोटं सैल सोडा," मुलगी म्हणाली. "लई ताठ धरलीत."

सुरेखाबाईंनी बोटं सैल सोडली आणि लगेच त्यांना राग आला, की आपण हिचं ऐकलं.

त्या मुलगी बघायला आल्या होत्या. मुलीला ते माहीत नव्हतं, निदान सुरेखाबाईंची तशी खात्री होती. कॅनॉटमधलं हे सोनियाचं पार्लर, दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून आल्यावर डाव्या हाताला. भिंतीवर लाल-पिवळ्या पानांचं मोठं चित्र लावलेलं, त्यावर 'ऑटम स्पेशल'. तसली पानं ना त्या राहत त्या गारखेड्यात गळतात, ना गावाकडं लासूरला. खाली रस्त्यावर ऑक्टोबरचं ऊन असं पेटलं होतं की रिक्षाच्या दांडीला हात लावता येत नव्हता. दसरा होऊन गेला होता, दिवाळीला पंधरा दिवस होते, आणि आप्पासाहेब सोयाबीनच्या मळणीसाठी लासूर स्टेशनला जाऊन बसले होते. बरोबर याच दिवसांत, गेल्या रविवारी, ऋतुराजनं पोह्यांच्या बशीवर मान खाली घालून तिचं नाव सांगितलं होतं. सरिता. बी.कॉम. झालेली आहे, नखांचं काम करते, घर पडेगावला, वडील एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर. मग त्यानं आडनाव सांगितलं. सुरेखाबाई कोथिंबीर निवडत होत्या, त्यांनी निवडणं थांबवलं नाही. शेंद्र्याच्या कंपनीत इंजिनियर असलेला अठ्ठावीस वर्षांचा आपला मुलगा पोह्यातले शेंगदाणे एकेक करून बशीच्या कडेला काढतो आहे, हे त्या बघत राहिल्या. तो म्हणाला होता, बाबांना आत्ता काही बोलत नाही, आधी तू जाऊन बघ, तिला सांगू नको कोण आहेस ते. आणि शेवटी म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर विषय संपला, आई." ते ऐकून सुरेखाबाईंना अंगभर बरं वाटलं होतं. एवढी सत्ता त्यांना या घरात कुणी उघडपणे दिली नव्हती.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी पार्लरला फोन लावला. नखांना सरिताच हवी म्हणाल्या. आणि विचारलं, सगळ्यात जास्त वेळ कशाला लागतो. फोनवरच्या सोनियानं सांगितलं की डिप पावडर करा, पावणेदोन तास तरी जातात, पण मग तीन-चार आठवडे बघायला नको. सुरेखाबाईंना तीन-चार आठवड्यांशी कर्तव्य नव्हतं. पावणेदोन तास त्यांना पुरेसे वाटले. तेवढ्या वेळात कुठल्याही माणसात काहीतरी सापडतंच. मान मळलेली असते, नाहीतर मोबाईल सारखा बघते, नाहीतर दात काढून हसते, नाहीतर नाव विचारलं की काहीतरी वेगळंच सांगते. या शेवटच्या गोष्टीवर त्यांचा सगळ्यात जास्त भरवसा होता.

मुलगी आता नखं कापत होती. कापताना प्रत्येक नखाचा तुकडा खालच्या कागदावर पडेल अशी काळजी घेत होती आणि पुढं काय करणार ते सांगत होती. आधी कडेची कातडी मागं सारायची, मग नखावरची चमक घासून काढायची, कारण गुळगुळीत भिंतीवर चुना बसत नाही, तसंच हे. मग एक पातळ द्रव, मग पावडर, पुन्हा द्रव, पुन्हा पावडर. लाईट नाही, मशीनची उष्णता नाही. पहिलीतल्या पोराला काडी-टिंब शिकवावं तसं, घाई न करता ती सांगत होती, आणि सुरेखाबाईंना समजत होतं. समजतंय याचाही त्यांना त्रास होत होता.

"गाव कुठलं तुझं?" त्यांनी विचारलं.

"पडेगाव."

"मूळचं?"

"मूळचं वैजापूरकडचं. आजोबा इकडं आले."

"आडनाव काय म्हणालीस?"

तिनं काहीच म्हटलेलं नव्हतं. हा प्रश्न सुरेखाबाईंनी आयुष्यात शेकडो वेळा विचारला होता, भाडेकरूला, नवीन कामवालीला, मुलाच्या मित्रांना, दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईला. त्यांना माहीत होतं की या प्रश्नानंतर लोकांचे चेहरे कसे होतात. कुणी नुसतं पहिलं नाव पुन्हा सांगतं, कुणी गावाच्या नावाला 'कर' लावून मोकळं होतं, कुणाला एकदम फोन येतो. त्या सगळ्या चेहऱ्यांची त्यांना मजा वाटायची. आपण काही वाईट बोललेलो नसतो, नुसतं आडनाव विचारलेलं असतं, आणि समोरचा माणूस आपल्या डोळ्यांदेखत लहान होत जातो. आत्ता उत्तर त्यांना ठाऊकच होतं. त्यांना फक्त बघायचं होतं.

मुलीनं शाळेच्या हजेरीला सांगतात तसं पूर्ण नाव सांगितलं. "सरिता साहेबराव साळवे." आणि कातडी मागं सारायची काडी दुसऱ्या बोटाकडे नेत पुढं म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत, काकू." पुढचा स्टॉप कुठला ते बसमधल्या शेजारणीला सांगावं, तितकंच.

सुरेखाबाई हं म्हणाल्या. खोट काढायची एक जागा हातातून गेली होती.

मुलगी त्यांचं एकेक बोट मागं वाकवून नखाची कड बघत होती, आणि त्या वाकण्याबरोबर सुरेखाबाईंना सिल्लोडजवळचं त्यांचं माहेर आठवलं, ओसरीवरची सतरंजी, आणि तिच्यावर बसलेली आप्पासाहेबांची आत्या, आवडाबाई. त्या वेळी सुरेखा वीस वर्षांची होती. पुरुष मंडळी पोहे खात होती आणि आवडाबाईनं तिचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला होता. आधी नखं दाबून बघितली, रक्त परत किती लवकर येतं ते. मग बोटं मागं वाकवली, पार दुखेपर्यंत, आणि तोंडाकडे बघत राहिली. मग रुमालाचं टोक थुंकीनं ओलं करून गालावर घासलं आणि रुमाल उजेडात धरला. पावडर लागली नव्हती. ओसरीवर सगळे हसले, आईसुद्धा हसली. आवडाबाई पुरुषांकडे वळून म्हणाली की हात कामाचा आहे, रंग चालून जाईल. सुरेखाबाईंना आजही आठवतं ते दुखणं नव्हे, लाजही नव्हे. त्या क्षणी आपल्याला एकच गोष्ट हवी होती, की या बाईनं आपल्याला पास करावं. त्या बाईचा राग पुढं फार वर्षांनी आला, तोही पुरता नाही. कारण तोवर त्या स्वतः तीन-चार ठिकाणी मुली बघायला जाऊन आल्या होत्या, जावेच्या पोरासाठी, भाच्यासाठी. सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसलं की हात आपोआप पुढं जातो, हे त्यांना कळलं होतं. पोरीचं बोट मागं वाकवलं की ती दुखतंय म्हणत नाही, आणि ती म्हणत नाही म्हणून आपण आणखी थोडं वाकवतो. एका पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरी येऊन त्यांनी सांगितलं होतं, मुलगी नाजूक आहे.

"दुखलं का?" सरितानं विचारलं.

"नाही."

"दुखलं तर सांगायचं. इथं कुणी बक्षीस देत नाही सहन केल्याचं."

पलीकडच्या खुर्चीतली बाई हसली. सुरेखाबाईही हसल्या असत्या, पण वेळेवर थांबल्या.

रंग निवडायची वेळ आली तेव्हा मुलीनं छोट्या गोल डब्यांची रांग समोर मांडली. वांग्याचा, कॉफीचा, ओल्या विटेचा, पिकल्या चिंचेचा. सुरेखाबाईंनी विटेचा दाखवला. मुलीनं झाकण काढलं. आत पीठ होतं, मैद्यासारखं बारीक, आणि मधोमध बोटाएवढा खळगा पडलेला. आधीच्या कुणाच्या तरी बोटाचा.

"म्हणजे सगळ्यांची बोटं याच डबीत?" सुरेखाबाईंनी विचारलं. आवाज मुद्दाम थोडा वर ठेवला होता. पलीकडच्या खुर्च्यांतल्या दोघींनी मान वळवली.

"बऱ्याच ठिकाणी तसंच करतात," मुलगी म्हणाली. "नाव डिपच आहे ना. पण ज्यांना चालत नाही त्यांना मी वरून घालते. चमच्यानं."

"मग वरूनच घाल," सुरेखाबाई म्हणाल्या. "कुणाकुणाची बोटं बुडलेली असतील. आपल्याला काय माहीत, कोण कुठली."

मुलीचा हात क्षणभर डबीवर थांबला. त्यांनी ते बघितलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांना खुर्चीत नीट बसल्यासारखं वाटलं. मग मुलीनं खणातून छोटा चमचा काढला, स्वच्छ पुसला, खाली कागद पसरला, नखावर द्रवाचा एक हात फिरवला आणि चमच्यातली पावडर वरून सोडली. बारीक धार पडली. नखावर बसायची ती बसली, उरलेली कागदावर सांडली.

ती धार सुरेखाबाई बघत राहिल्या. त्यांच्या माहेरी गोठ्याचं शेण काढायला साळूबाई यायची. तिला पाणी द्यायचं ते असंच, वरून. ती ओसरीच्या खाली उकिडवी बसायची, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी लावायची, आणि ओसरीवरून कुणीतरी तांब्या तिरपा करायचं. तांब्या ओंजळीला लागता कामा नये, एवढंच बघायचं. हे काम आठ वर्षांच्या सुरेखाला फार आवडायचं, कारण घरातलं मोठ्यांचं म्हणता येईल असं हे एकच काम तिला मिळालं होतं. ती हळूहळू तांब्या उंच न्यायची, धार बारीक व्हायची, पाणी साळूबाईच्या कोपरांवरून गळायचं, लुगडं भिजायचं आणि साळूबाई हसायची. मग एका दुपारी, असंच दसऱ्यानंतरचं ऊन होतं, बाजरीचं खळं चालू होतं, साळूबाई सकाळपासून राबून आली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. दोन घोट झाल्यावर सुरेखानं तांब्या सरळ केला. साळूबाईनं ओंजळ तशीच ठेवून वर बघितलं. "ओत की गं बाय," ती म्हणाली. सुरेखानं तांब्या पुन्हा तिरपा केला, पण ओंजळीवर नाही, बाजूला, जमिनीवर. सगळं पाणी तिनं मातीत ओतलं, सावकाश, साळूबाईच्या तोंडाकडे बघत. का, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. ते तोंड काय करतं ते तिला बघायचं होतं. त्या तोंडानं काही केलं नाही. आतून आईनं आवाज दिला की पाणी प्याली का गं ती, आणि सुरेखा उत्तर द्यायच्या आत साळूबाई ओल्या मातीकडे बघत म्हणाली, "व्हय जी. पोटभर प्याले." मग उठली आणि खळ्याकडे गेली.

हे सुरेखाबाईंनी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. विसरल्याही होत्या म्हणायला हरकत नाही. आता चमच्यातून पावडर पडत होती, आणि आपण कुठल्या बाजूला बसलो आहोत हे त्यांना एकाएकी कळेनासं झालं. पाणी घालणारी कोण, आणि हात पसरून बसलेली कोण. या गोंधळाचा त्यांना इतका वैताग आला की त्यांनी डोळे मिटून घेतले. बोटांवर गरम हात फिरत होता. मऊ ब्रशनं जास्तीची पावडर झटकली जात होती. पुन्हा द्रव, पुन्हा धार. मग कशाचा तरी उग्र वास आला आणि नखं कडक झाली, एकदम, कवच आल्यासारखी. घासणं झालं, पुसणं झालं, वरून चकचकीत द्रवाचा शेवटचा हात फिरला, आणि मुलीनं त्यांचा उजवा हात उचलून त्यांच्याच डोळ्यांसमोर धरला.

हात सुंदर दिसत होता. चोपन्न वर्षांचा, सुरकुतलेला, हळदीनं पिवळा पडलेला हात, पण बोटांच्या टोकांना पावसानं भिजलेल्या विटेचा रंग, कडा अशा सरळ की जणू नखं अशीच उगवली. सुरेखाबाईंना मुलीची मान स्वच्छ दिसली, केस घट्ट बांधलेले दिसले, तासाभरात एकदाही न उचललेला मोबाईल दिसला. घरी जाऊन सांगायला काही नव्हतं. ऋतुराज विचारील, आणि आपण काय म्हणणार? आडनाव त्याला आधीच ठाऊक होतं. नुसत्या आडनावावरून नाही म्हणायचं तर इथवर यायचं काय कारण होतं. त्यांना काहीतरी हवं होतं, तांदळातल्या खड्याएवढं का होईना, पण दाताखाली येणारं.

मुलीनं डावा हात घेतला. कातडी मागं सारली आणि बारीक चिमट्यानं तिची सुटी टोकं कापायला लागली. करंगळी झाली. करंगळीशेजारचं बोट आलं. चिमट्याचं तोंड नखाच्या कडेला टेकलं आणि त्याच वेळी सुरेखाबाईंनी हात मागं ओढला.

हात दचकून मागं गेला नव्हता. ओढायच्या आधी एक पूर्ण श्वास गेला होता, आणि त्या श्वासात त्यांना नीट माहीत होतं की आपण काय करणार आहोत. मग दुखलं, अपेक्षेपेक्षा जास्त, आणि रक्त आलं, तेही जास्त. कागदावरच्या पावडरीत थेंब पडला आणि तिथंच गोळी होऊन राहिला. त्या मोठ्यानं ओरडल्या.

सोनिया काउंटरवरून धावत आली. पुढचं सगळं तिनंच केलं. तिनं सुरेखाबाईंची माफी मागितली, कापूस आणला, आणि मग दोन गिऱ्हाइकांसमोर सरिताला असं बोलली की पलीकडच्या बाईनं मासिक तोंडापुढं धरलं. दोन वर्षं झाली शिकून, अजून हात बसत नाही. शिकवून शिकवून थकले मी. कुठून कुठून येतात या मुली आणि डोक्यावर बसतात. आणि मग, आवाज खाली आणून, म्हणून जास्त ऐकू येईल असं, तिनं सांगितलं की उद्यापासून नखांच्या टेबलाला हात लावायचा नाही, केस धुवायला उभं राहायचं मागं. सुरेखाबाई कापूस दाबून बसल्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांच्या तोंडात तयार होतं, त्याची चवसुद्धा कळत होती. त्यांनी ते गिळलं आणि वाट बघितली, की आता मुलगी म्हणेल, मॅडम, हात त्यांनी ओढला. मग ती उलट उत्तर देणारी ठरेल, थोरामोठ्यांवर आळ घेणारी ठरेल, आणि घरी जाता येईल.

"माझीच चूक झाली, काकू," सरिता म्हणाली. "लक्ष नव्हतं माझं."

सोनिया गेली. सरितानं बोटाला पट्टी लावली, कागद बदलला, हात धुऊन आली आणि उरलेली नखं पुन्हा हातात घेतली. तिचा हात अजून गरमच होता. सुरेखाबाई खोटं शोधायला आल्या होत्या, आणि खोटं त्यांना सापडलं होतं, इतकं स्वच्छ आणि इतकं उघड, की ते घेऊन कुठंच जाता येत नव्हतं.

"खोटं का बोललीस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"इथं कस्टमर चुकत नसतं."

"मी कोण आहे ठाऊक आहे तुला?"

"व्हय." मुलीनं मान वर केली नाही. "त्याच्या मोबाईलवर तुमचा फोटो आहे. तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच ओळखलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बघायला आला होतात. म्हटलं, बघू द्यावं."

आवडाबाईच्या मांडीवर हात असताना आपल्याला हे वाक्य सुचलं असतं तर, असं काहीतरी सुरेखाबाईंच्या मनात येऊन गेलं, पण ते वाक्य आपलं नव्हतंच, ते या मुलीचं होतं. चमच्यातून पावडर पडत राहिली. अंगठा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं, पट्टीचं बोट सोडून करंगळी झाली. शेवटचा चकचकीत हात फिरवून झाल्यावर सरितानं सांगितलं की ही नखं घरी ओढून काढायची नाहीत, ओढली तर खालचं आपलं नखही सालपटासारखं निघतं, काढायला कुठल्याही पार्लरला जा. मग बाटल्यांची झाकणं लावता लावता म्हणाली, "एक विनंती आहे. बोटाला काय झालं ते तो विचारील. माझ्या हातून झालं असं सांगू नका. मॅडमना खरं वाटलं त्याचं काही नाही, त्यांचा धंदा आहे. त्याला वाटू नये."

"त्याला खरं वाटेल असं वाटतं तुला?"

सरितानं थोडा विचार केला. "वाटेल," ती म्हणाली. "वाटून घेणं त्याला बरं पडेल."

जिन्यात सुरेखाबाई थांबल्या. परत वर जावं, सोनियाला सांगावं, बाई, हात मी ओढला, हिला टेबलावरून उठवू नकोस. दोन पायऱ्या त्या चढल्याही. मग काचेतून त्यांना खुर्चीतल्या त्या दोन बाया दिसल्या, मासिकवाली अजून जागेवरच होती, आणि तिच्यासमोर हे बोलावं लागेल हे लक्षात आल्यावर त्यांनी ठरवलं की उद्या फोन करू. फोनवर नीट बोलता येतं. रिक्षात बसल्यावर त्यांना कळलं की आपण फोन करणार नाही. पण दुसरं एक त्यांच्या हातात होतं. सेव्हन हिल्सच्या पुलावर रिक्षा अडकली असताना त्यांचं ठरलं. ही पोर आपल्या घरात यावी असं त्यांना वाटत होतं. दया म्हणून नाही. भीती वाटली म्हणून. आपल्याला इतकं नीट बघितलेलं माणूस बाहेर मोकळं राहण्यापेक्षा घरात असलेलं बरं, असंही असेल. कारण काही असो, हो म्हणायचं होतं.

ऋतुराज लवकर घरी आला होता. त्यानं स्वतः चहा ठेवला होता, जे तो कधी करत नसे. आई आत आली, पर्स ठेवली, आणि त्याचे डोळे सगळ्यात आधी पट्टीवर गेले.

"हे काय झालं?"

"काही नाही. मीच हात ओढला."

"तिनं कापलं?"

"मी ओढला म्हणते ना. तिचा काही दोष नाही." त्या खुर्चीत बसल्या. "मुलगी चांगली आहे, ऋतुराज. मला पसंत आहे."

तो त्यांच्याकडे बघत राहिला, आणि ती नजर सुरेखाबाईंनी ओळखली. आप्पासाहेबांनी आवडाबाईला म्हातारपणी इथं आणायचं काढलं होतं, तेव्हा सुरेखाबाई म्हणाल्या होत्या, आणा की, मला चालेल. आप्पासाहेबांनी अशीच नजर टाकली होती, आणि आवडाबाई लासूरलाच वारली. ऋतुराजला पुण्याची नोकरी लागली होती, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, जा की, मी आनंदात राहीन. तो गेला नाही. तेहतीस वर्षांत या घरात त्यांनी एकदाही 'नाही' म्हटलेलं नव्हतं. म्हणावं लागलंच नाही. त्या हो म्हणायच्या, आणि घरातले त्यातून काय घ्यायचं ते घ्यायचे. त्या 'हो'चा खरा अर्थ घराला शिकवायला त्यांना किती वर्षं लागली होती, किती जेवणं न जेवता, किती दुपारी भिंतीकडे तोंड करून. आता त्यांना वेगळा शब्द हवा होता आणि तो त्यांच्याकडे नव्हता.

"खरंच म्हणते," त्या म्हणाल्या. "मनापासून." हे शब्दही त्यांनी आधी वापरून ठेवलेले होते.

"कळलं, आई."

"काय कळलं? मी तिला हो म्हणते आहे."

"किती सांभाळून घेशील सगळ्यांना." त्यानं चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि खांद्यावर हात ठेवला. "बोटातून रक्त काढलं तिनं, तरी तू तिचीच बाजू घेतेस. मी काय तुला आज ओळखतो?"

त्यानं मोबाईल घेतला आणि गॅलरीच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज फार मऊ होता. आईला जरा लागलंय गं, म्हणत होता. नाही, ती काही बोलली नाही, ती बोलणारच नाही, उलट तुझं कौतुकच करते. पण मला दिसतं ना. आत्ता नको, दिवाळी जाऊ दे, बाबांचंही बघावं लागेल, मी तिच्या मनाविरुद्ध नाही जाऊ शकत. पलीकडून काय येत होतं ते ऐकू येत नव्हतं. बहुतेक काही येतच नव्हतं.

सुरेखाबाई उठल्या. त्यांनी गॅलरीच्या दारापाशी जाऊन हात पुढं केला.

"फोन दे इकडं, ऋतुराज. मला बोलू दे तिच्याशी."

त्यानं तळव्यानं मोबाईल झाकला आणि वळून त्यांच्याकडे बघितलं. "झालं, आई," तो म्हणाला. "तू बस जाऊन. मी सांगितलं तिला."

त्याच्या तोंडावर सुटल्याचा आनंद होता, लहानपणी शाळेला अचानक सुट्टी मिळाली की असायचा तसाच, आणि तो आईपासून लपवावा हेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.